हातानं घ्यायचं हॉटेल

दारातून आत गेलं की आधी ताटांची चळत लागते. नुकतीच धुऊन आणलेली, अजून गरम असलेली स्टीलची ताटं ओलाव्याने एकमेकांना चिकटलेली असतात. वरचं उचललं की खालचंही थोडं वर येतं आणि मग खणकन सुटून परत बसतं. तो आवाज मी किती तरी वर्षांनी ऐकला आणि दारातच थांबले. मागचं कुणीतरी म्हणालं, "ताई, पुढे चला ना." मी पुढे झाले. आई माझ्याही पुढे होती. ताटांना हात न लावता ती चळतीवरून तशीच आत गेली. ती नेहमी तशीच जायची.

लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून हे हॉटेल आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आहे, पण आंदर मावळातल्या आमच्या गावात ते नाव कुणी घेत नाही. आमच्याकडे ते पहिल्यापासून 'हातानं घ्यायचं हॉटेल'. एकदाच पैसे द्यायचे, मग तिथे मांडलेलं हवं ते, हवं तेवढं, पोट भरेपर्यंत आपल्या हाताने घ्यायचं. ज्यांनी ते पाहिलं नव्हतं त्यांना यातलं स्वस्त असणं पटायचं, पण हाताने घेणं पटायचं नाही. "वाढायला कोनच न्हाई? मग त्ये जेवान कसलं," असं आमची शेजारीण म्हणायची आणि पदराने तोंड झाकून हसायची.

माझे वडील, आबा, या भाद्रपदात गेले. कशाने गेले ते मी इथे लिहीत नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा आईचं जेवण जवळजवळ बंद झालेलं होतं. सकाळचा चहा, त्यात बुडवलेलं एक बिस्किट, कधी दुपारी ताकाचा पेला, एवढ्यावर तिचा दिवस जायचा. कामशेतच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "आजार काही नाही. पण असंच चाललं तर संक्रांत बघतील का, सांगता येत नाही. यावर औषध नाही हो माझ्याकडे. त्यांना जेवायला घाला." पुण्यातल्या ग्रंथालयातून मी भाद्रपदातच लांब रजा घेऊन आले होते. ज्या नोकरीत कुणी मोठ्याने बोलत नाही अशा नोकरीत मी पंचवीस वर्षं काढली आहेत. आईला जेवायला कसं घालायचं, हे मला येत नव्हतं.

ती का जेवत नाही, हे मात्र मला ठाऊक होतं.

आमच्या घरात आई आबांच्या ताटात जेवायची. आधी आबा जेवत, आम्ही जेवायचो, आणि मग आबांचं उष्टं ताट न धुता ती स्वतःपुढे ओढायची आणि त्यातच स्वतःला वाढून घ्यायची. आमच्याकडच्या बायका अशाच जेवायच्या. तिची आई तशीच जेवली होती. आबांचं ताट पितळी होतं, कल्हई उडालेलं, एका बाजूला पोचा आलेलं. चुलीचा धूर छपराच्या कौलांतून सावकाश बाहेर पडत असायचा, इंद्रायणीच्या भाताचा वास अजून घरभर असायचा, आणि आबा तांब्यातलं पाणी वरून घशात सोडायचे. त्या पाण्याचा गटगट आवाज थांबला की ते ताट पुढे सरकवून दोनच शब्द बोलायचे, "जेव आता." मग उठून ओट्यावर जायचे. मला लहानपणी वाटायचं की हे दोन शब्द म्हटल्याशिवाय आईला भूकच लागत नसावी.

ते गेल्यावर तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि चौदाव्या दिवशी आईने त्यांच्या जागेवर त्यांचं ताट वाढलं. भात, आमटी, भाकरीचा चतकोर, मिठाची चिमूट. समोर बसून राहिली. भातावरची वाफ विरली. आमटीवर साय धरली. मी म्हटलं, "आई, जेव ना." ती म्हणाली, "त्यांनी हात लावला न्हाई अजून."

तासाभराने तिने ते ताट उचललं, गाईपुढे रिकामं केलं आणि घासून पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि कान त्या खोलीकडे लावायचे. खरं सांगायचं तर मीही वाट बघायला लागले होते. घरातल्या माणसाने इतक्या खात्रीने एखाद्याची वाट बघितली की आपल्यालाही दारात पाऊल वाजल्यासारखं होतं. एका दुपारी मला तांब्या उचलल्याचा आवाज आला. मी उठून गेले. तांब्या जागेवर होता. आई माझ्याकडे बघत होती. तिलाही ऐकू आलं होतं की काय, हे मी तिला विचारलं नाही.

भात झोडून, गिरणीतून तांदूळ करून आणेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला. शेत यंदा शेजाऱ्यांनी काढून दिलं. तांदळाची पोती ओसरीवर रचली गेली तेव्हा आई त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाली, "हाटेलचा तांदूळ द्यायला जायाचं ना?" गेल्या कित्येक दिवसांत तिने स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती. मी लगेच हो म्हटलं.

त्या हॉटेलात आमचा तांदूळ जायचा. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा हॉटेलचे शेट आबांना म्हणाले, "दरवर्षी नुसता माल टाकून जाता. या वेळी घरच्यांना घेऊन जेवायला या." तेव्हा आम्ही पहिल्यांदा गेलो. जीपमध्ये पोत्यांवर बसून. गोणपाटाचा आणि नव्या तांदळाचा वास, त्यात डिझेलचा वास मिसळलेला. कामशेतनंतर हायवेला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या खाचरांत नुसती धसकटं उरलेली होती आणि त्यांच्यावर धुकं बसलेलं होतं. आईने माहेरहून आलेलं लुगडं नेसलं होतं. ती वाटेत एकदाच बोलली: "लोकं बगत असतील, आन् आपन जेवायचं?"

आत एका लांब टेबलावर झाकणांची भांडी ओळीने मांडलेली होती. भांड्यांखाली निळ्या ज्योती. झाकणात आपलं तोंड रुंद दिसायचं. आबांनी एक झाकण उचललं, खाली वाकून वास घेतला आणि माझ्या कानात म्हणाले, "ह्यो आपला." एवढ्या अनोळखी पदार्थांत आमच्या खाचरातला भात असा बसलेला बघून मला तो लग्नाला आलेल्या गावच्या पाहुण्यासारखा वाटला, अंग चोरून बसलेला.

आई खुर्चीच्या टोकावर बसली होती, हात मांडीवर. आबांनी ताट भरून आणलं. मी माझं भरून आणलं. आम्ही जेवलो. आई आमच्याकडे बघत होती आणि मधूनमधून लोकांकडे. आबांनी पाणी प्यायलं आणि ताट तिच्याकडे सरकवलं. "जेव आता." तिने हात पुढे केला, तेवढ्यात मागून एक हात आला आणि ताट उचलून घेऊन गेला.

तो गणपतभाऊ. पवनानगरकडचा, तिथला वेटर. रिकामं ताट टेबलावर दिसलं की उचलायचं, हे त्याचं काम. त्यात त्याची काही चूक नव्हती. आईचा हात टेबलावर तसाच राहिला. ताट जिथे होतं तिथे ओलसर गोल उमटला होता. ती त्या गोलाकडे बघत राहिली.

आबा उठून गणपतभाऊच्या मागे गेले. मीही गेले.

"आबा, इकडं कुटं? हात धुवायचं त्या बाजूला हाय."

"माजं ताट पायजे."

"ताट? तितं थोरल्या टबात शंभर ताटं पडल्यात. नवं घ्या की, दारात हायेत."

"नवं नको. मी जेवलो त्येच पायजे."

गणपतभाऊने टबाकडे हात केला. साबणाच्या पाण्यात सगळी ताटं सारखी होती. आबा थोडा वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले. आबांना लाजलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढेही फारसं कधी पाहिलं नाही.

ते दाराशी गेले, चळतीवरचं ताट उचललं, ओळीने फिरून त्यात वाढून घेतलं आणि परत येऊन आईसमोर बसले. भाताचा एक घास खाल्ला. वांग्याची एक फोड खाल्ली. पुरी तोडून एक तुकडा खाल्ला. असं प्रत्येक पदार्थाला एकदा तोंड लावून झालं, मग ताट पुढे सरकवलं. "जेव आता."

आई जेवली.

गणपतभाऊ पाण्याचा जग घेऊन उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आबा, शेट बगतील. एका ताटात दोगं चालत न्हाई हितं."

"एका ताटात कुटं? दोन मानसं, दोन ताटं. मोजून बग."

"दोनी तुमीच उष्टी केली की."

"मग? माजं पोट, माजं त्वांड. तुजं काय जातंय?"

गणपतभाऊ हसला. पुढच्या वर्षापासून आम्ही दारात दिसलो की तो लांबूनच विचारायचा, "काय आबा, मावशीचं ताट उष्टं करनार का मी करू?" आबा त्याला म्हणायचे, "तू तुज्या बायकूचं कर." आई पदर ओढून घ्यायची आणि तिचे खांदे हसण्याने हलायचे.

असे किती तरी मार्गशीर्ष गेले. तांदूळ पोचवायचा, मग जेवायचं, मग बाहेर पायरीवर उन्हात बसायचं. कार्ल्याच्या डोंगरावरून एकवीरेचं दर्शन घेऊन आलेल्या बसेस समोर थांबायच्या. बायकांच्या केसांतल्या शेवंतीचा वास रस्त्यापर्यंत यायचा. लांब घाटाच्या तोंडाशी मालगाडीला मागून ढकलणारी इंजिनं एकाच लयीत घरघरायची आणि तो आवाज जेवणानंतरच्या सुस्तीत पोटात उतरल्यासारखा वाटायचा. आबा डोळे मिटून बसायचे. आई चपला काढून पाय उन्हात धरायची. त्या पायांच्या भेगांत खाचराची काळी माती असायची. ती कधीच पूर्ण निघायची नाही.

मग मी शिकले. तळेगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. ग्रंथालयातलं एकेक कपाट मी त्या वर्षी वाचून काढत होते आणि वाचलेलं सगळं घरी येऊन आईबापांना लावून बघत होते. त्या मार्गशीर्षात खिडकीजवळच्या आमच्या टेबलावर आबांनी नेहमीप्रमाणे दुसरं ताट आणलं, एकेक घास खाल्ला, ताट सरकवलं. शेजारच्या टेबलावर मुंबईची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. ती आईकडे बघत होती, मग तिने तिच्या मैत्रिणीला कोपराने खुणावलं. मी ते पाहिलं. आणि मी आईला म्हणाले, "उष्टं कुत्र्याला घालतात, आई."

आईचा हात भातात थांबला. जग घेऊन येणारा गणपतभाऊ तिथूनच मागे वळला. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग वळून ते आईला म्हणाले, "आनू का दुसरं ताट?"

"कशाला?" आई म्हणाली. "ह्ये काय वाईट हाय?"

आणि तिने ते ताट पूर्ण संपवलं. मी उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. परतताना आमची जीप कामशेतला थांबली. तिथे उतरताना आई म्हणाली, "लय शिकलीस. आता जरा गप बसायला शिक." तेही मी शिकले.

मी खोटं बोलले नव्हते. आजही मला ते खोटं वाटत नाही. पण त्या दिवसानंतर मी त्यांच्याबरोबर तिथे कधी गेले नाही. कधी परीक्षा, मग नोकरी, मग नुसतीच सबब. ते दोघं जात राहिले. आबा येताना तिथल्या गल्ल्यावरची बडीशेप आणि खडीसाखर कागदाच्या पुडीत बांधून माझ्यासाठी आणायचे. मी घरी नसले तर पुडी माझ्या पुस्तकांवर ठेवलेली असायची. कधी दिवाळीत घेतलेलं पुस्तक उन्हाळ्यात उघडावं तर पानांना बडीशेपेचा वास. या भाद्रपदात त्यांचा स्वेटर आवरताना खिशात एक पुडी सापडली. खडीसाखर विरघळून कागदाला चिकटली होती. मी ती परत खिशात ठेवली.

आणखी एक गोष्ट मी या उन्हाळ्यात पाहिली. पाडव्याला मी घरी होते. आई चुलीपाशी होती, मी आबांच्या समोर बसले होते. आबांनी पुरणपोळी घेतली आणि तिच्या कडेकडेने खायला सुरुवात केली. कडक, पुरण न पोचलेली कड गोल फिरवत खाल्ली आणि मधला मऊ, तूप मुरलेला भाग तसाच ठेवला. आमटीतला शेंगेचा चांगला तुकडा बाजूला सारला. मग पाणी प्यायले आणि ताट सरकवलं. इतकी वर्षं त्या ताटात काय खाल्लं जातं ते मी बघत होते. काय ठेवलं जातं ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांना विचारावं असं वाटलं, पण काय विचारायचं ते सुचलं नाही, आणि मग पाऊस आला आणि भाद्रपद आला.

तर आम्ही तांदूळ घेऊन गेलो. दोन पोती मागच्या दाराने आत गेली. गणपतभाऊ आता तिथला मोठा माणूस आहे, केसांना काळा रंग लावलेला, खिशाला पेन. आईला बघून तो हसत पुढे आला. "या मावशी. आन् आबा? गाडी लावत्यात का?"

आई म्हणाली, "त्ये न्हाई आले."

मी मागून मान हलवली. त्याला कळलं. त्याने एकदा तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बसा. खिडकीची जागा मोकळी हाय तुमची."

त्याने स्वतः पाणी आणलं. तीन पेले भरले. तिसरा भरून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. उचलायला हात पुढे केला, आईकडे बघितलं, आणि पेला तिथेच ठेवून तो निघून गेला.

मी ताट घेतलं. आबा घ्यायचे त्याच क्रमाने घेतलं: आधी भात, मग वांगं, पुरी, उसळ, शेवटी जिलबीचं अर्धं वेटोळं. परत येऊन आईसमोर बसले आणि प्रत्येक पदार्थाचा एक घास खाल्ला. मग ताट तिच्याकडे सरकवलं. ते दोन शब्द म्हणावेत म्हणून मी तोंड उघडलं.

"तू त्यांच्यावानी करू नगंस गं," आई म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने ताट हळूच माझ्याकडे परत ढकललं आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली.

मीही बघत बसले. झाकणं उघडत होती, मिटत होती. दाराशी ताटं सुटून पडत होती. खुर्चीच्या पाठीवर ऊन आलं होतं आणि पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमले होते. मला वाटत होतं की आता पेला हलला तर मला आश्चर्य वाटणार नाही. मी चोपन्न वर्षांची बाई, आणि मी पेल्याकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते की आबा, या, एक घास खाऊन जा, तिला जेवू द्या. एक घास.

तेवढ्यात बाहेर बस थांबली आणि एकवीरेचं दर्शन घेऊन आलेली पन्नासेक माणसं आत शिरली. क्षणात टेबलं भरली. लोक ताटं हातात घेऊन जागा शोधत फिरायला लागले. कपाळभर कुंकू लावलेली, केसांत गजरा माळलेली एक स्थूल बाई एका हातात भरलेलं ताट आणि दुसऱ्या हातात प्रसादाची पिशवी घेऊन आमच्या टेबलाशी आली. तिने खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवलं आणि विचारलं, "इथं कोण बसलंय का?"

मी हो म्हणणार होते. ओठांवर आलं होतं.

आई त्या बाईच्या हातातल्या ताटाकडे बघत होती. ताट जड होतं, बाईचं मनगट थरथरत होतं. माझ्या दृष्टीने तो वेळ फार लांब होता. प्रत्यक्षात त्या बाईने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

"न्हाई," आई म्हणाली. "बसा तुमी."

बाई बसली. पिशवी पायाशी ठेवली, सुस्कारा टाकला, जेवायला लागली. आईने तिसरा पेला तिच्याकडे सरकवला. "घ्या, पानी घ्या. उन्हातून आलात." बाईने तो एका दमात रिकामा केला. मी डोळे मिटले. कुणी उठून गेल्यासारखं झालं नाही. खुर्ची सरकली नाही, काही नाही. मघापर्यंत तिथे कुणीतरी होतं आणि आता तिथे कुणा गावची एक बाई पुरी मोडत होती.

डोळे उघडले तेव्हा आई जागेवर नव्हती.

ती दाराशी होती. चळतीसमोर उभी राहून तिने वरचं ताट उचललं. खालचं चिकटून वर आलं, ते तिने दुसऱ्या हाताने दाबून सोडवलं. पदराने ताट पुसलं. उन्हात धरून बघितलं. मग ओळीत जाऊन उभी राहिली.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. गणपतभाऊ भिंतीपाशी उभा होता. त्याने भांड्यांच्या टेबलामागच्या माणसाला डोळ्याने खुणावलं की थांब, घाई करू नकोस.

आईने पहिलं झाकण उचललं. "ह्ये काय हाय?"

"मंचुरियन, आजी."

"म्हंजी कशाचं?"

"कोबीचं."

"मग कोबी म्हना की." तिने एक चमचा घेतला. "आन् ह्ये?"

"पनीर."

"आन् ह्ये लाल?"

"ते तिखट आहे, आजी. जपून."

"मी मावळातली हाय. तू जप." आणखी एक चमचा.

मागची माणसं कुरकुरायला लागली. "आजी, सरका ना पुढे." ती सरकली नाही. तिने एकही भांडं सोडलं नाही. प्रत्येक झाकण उघडलं, वास घेतला, विचारलं, एकच चमचा घेतला. आमच्या भाताचाही एकच. तिचं ताट रंगांच्या ठिपक्यांनी भरून गेलं. परत येताना ती ते दोन्ही हातांनी धरून चालत होती, नजर ताटावर, जसं कुणी पहिल्यांदा भरलेली घागर नेतं.

ती बसली आणि एका बाजूने सुरुवात केली. एक चव घ्यायची, थांबायचं, मग पुढची. तिच्या तोंडाकडे बघताना मला कळलं की हिला काय आवडतं हे मला ठाऊक नाही. आणि तिच्या कपाळावरची आठी बघून वाटलं, तिलाही ते ठाऊक नाही. ती सत्तरीच्या पुढे होती आणि शोधत होती. कोबीपाशी ती थांबली. चावली. मान हलवली आणि उरलेला ताटाच्या कडेला सारला.

"ह्ये नको मला," ती म्हणाली.

असं वाक्य मी तिच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. शेजारची बाई हसून म्हणाली, "मला पण नाही आवडलं हो. नुसता मैदा."

"व्हय ना," आई म्हणाली.

मग ती परत उठली. या वेळी मी गेले नाही. ओळीत उभी असलेली तिची पाठ मला दिसत होती, माणसांच्या पाठींतली एक पाठ. पुढचा माणूस वेळ लावत होता, ती थांबली. परत आली तेव्हा हातात ताट नव्हतं. एक वाटी होती, काठोकाठ भरलेली, गार, पिवळी. फळांचं कस्टर्ड. मघाशी एक चमचा घेतला होता त्यातलं ते.

"हे आवडलं?" मी विचारलं.

"व्हय."

"आबांनी कधी आणलं नाही तुझ्यासाठी?"

तिने चमचा चाटून घेतला. मग म्हणाली, "त्यांना गार सोसायचं न्हाई. दात शिवशिवायचे त्यांचे."

एवढंच. ती पुन्हा खायला लागली. सावकाश, वाटी छातीशी धरून, खिडकीतून बाहेर बघत. द्राक्ष आलं की ते गालात ठेवायची आणि मग फोडायची. मी तिच्या घशाकडे बघत होते. प्रत्येक घोट खाली उतरताना दिसत होता. तळाशी डाळिंबाचे दोन दाणे राहिले, ते तिने वाटी तिरकी करून चमच्यावर घेतले. वाटी संपली. कुणाला हवंय का, हे तिने एकदाही विचारलं नाही.